आजीचं माहेर कागदावर उतरवताना: आधी काय, नंतर काय आणि घसरतं कुठे

सहस्रचंद्रदर्शनाला किंवा वर्षश्राद्धाला आजीच्या नावानं पुस्तिका काढायची पद्धत पुण्यात आता चांगलीच रुळली आहे. त्यातल्या बहुतेक पुस्तिकांत आधी आजोबांच्या घराण्याची वंशावळ असते, मग मुलांच्या नोकऱ्या, नातवंडांच्या पदव्या, आणि आजीच्या वाट्याला ‘सोशिक, सुगरण, हसतमुख’ ही तीन विशेषणं. तिचं माहेर कराचीहून आलं, बेळगावहून आलं की बीडकडून, कुणाच्या ओळखीवर पहिली खोली मिळाली, पहिल्या महिन्याचं भाडं कुणी भरलं, हे सगळं ‘फाळणीच्या वेळी सर्वस्व सोडून आले’ एवढ्यात उरकलेलं असतं.

यात प्रेम कमी पडत नाही, क्रम चुकतो. लोक वंशावळीपासून सुरुवात करतात आणि घरात असलेली वंशावळ सासरची असते. मग कागदांच्या मागे लागतात, आणि आजीशी बोलायला बसतात तेव्हा ती थकलेली असते. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. उदाहरणाला कराचीहून पुण्यात आलेलं माहेर धरलं आहे, कारण तिथे मूळ गावी जाऊन उतारे काढायची सोय नाही. ज्यांचं मूळ गाव एसटीच्या पल्ल्यात आहे त्यांना यातले निम्मे टप्पे सोपे जातील.

## टप्पा १: आधी एक वही, आणि वहीत दोन याद्या

पहिली यादी आजीच्या नावांची. लग्नात नाव बदललेल्या पिढीतल्या बाईचा कागद शोधायचा तर तिची सगळी नावं हाताशी लागतात: पत्रिकेतलं नाव, घरातलं हाकेचं नाव, शाळेत घातलेलं नाव, लग्नातलं नाव, रेशनकार्डावरचं नाव. माहेरचं आडनाव लोक लिहून ठेवतात, पण तिच्या वडिलांचं आणि आईचं पूर्ण नाव विसरतात. आईचं माहेरही विचारा. नाव बदललेलं नसेल तर तेही तसं नोंदवा, म्हणजे पुढे कुणी उगाच दुसरं नाव शोधत बसणार नाही.

दुसरी यादी माहेरच्या हयात माणसांची. मावशीआजी, मामाआजोबा तर हवेतच, पण मामीआजीला कधीही वगळू नका. ती त्या घरात सून म्हणून आली, वर्षानुवर्षं सासूच्या शेजारी बसून तिनं सगळं ऐकलं, आणि ते दिवस स्वतः भोगले नसल्यामुळे ती अडखळत नाही. शिवाय जुन्या वाड्यातले शेजारी, आजीची वर्गमैत्रीण, घराण्याचे भटजी. प्रत्येकापुढे वय आणि तब्येत लिहा. भेटींचा क्रम त्यावर ठरवायचा, सोयीवर नाही. पिंपळे सौदागरला राहणारी ठणठणीत मावशी महिनाभर थांबू शकते; मिरजेच्या नव्वदीतल्या मामाआजोबांना आधी गाठा.

प्रश्न कोण विचारणार हेही याच वेळी ठरवा. मुलासमोर आई जपून बोलते, निदान त्याच्या वडिलांच्या घराबद्दल तरी. नात किंवा नातसून समोर असली की गोष्टी मोकळ्या होतात. हा नियम नव्हे, पण बहुतेक घरांत असंच दिसतं.

आजी हयात नसेल तर टप्पे तेच, फक्त तिच्या जागी तिचं सगळ्यात धाकटं भावंड आणि तिची सगळ्यात थोरली मुलगी, दोघांकडून वेगवेगळं ऐका. एकत्र बसवू नका. एक सांगायला लागला की दुसरा मान डोलवतो आणि दोन आठवणींची एक होऊन जाते.

## टप्पा २: बोलण्याआधी वस्तू बाहेर काढा

‘आजी, तुझं लहानपण सांग’ म्हटलं की ती म्हणते, ‘आमचं काय, साधंच.’ तोच तिच्या हातात पितळी डबा द्या. म्हणून वस्तू आधी.

माळ्यावरून भांडी उतरवा आणि बूड, कड, कान नीट पाहा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची रीत आहे, आणि या कामात तिच्याइतकी उपयोगी रीत दुसरी नाही. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून’ आणि खाली तारीख किंवा शके. एका तांब्यावरून लग्नाचं वर्ष, देणाऱ्याचं नातं आणि कधी कधी गाव एवढं सगळं मिळतं. अक्षरं झिजली असतील तर भांडं लख्ख घासू नका, उरलंसुरलंही जाईल. खोलीत अंधार करून बाजूनं विजेरीचा तिरपा झोत टाका आणि फोटो घ्या.

मग ट्रंक. ट्रंकेवर रंगवलेलं नाव, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेले कागदाचे तुकडे, रेल्वेचं लेबल. मग जन्मपत्रिका: तिच्यात जन्मवेळ आणि जन्मस्थळ असतं, आणि ते शाळेच्या दाखल्यापेक्षा बहुधा खरं असतं. मग फोटो. फोटोच्या मागे किंवा पुठ्ठ्याच्या कडेला स्टुडिओचा शिक्का असतो. कराचीचा शिक्का आणि पुण्याचा शिक्का वेगळे काढले की काळाचे दोन ढीग आपोआप पडतात.

> सावध: जुना कागद लॅमिनेट करू नका. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. घडी मोडायला इस्त्री फिरवू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट फोटो घ्या. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं.

छोटे फोटो ६०० डीपीआयला आणि कागद ३०० डीपीआयला स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर सकाळच्या उजेडात, उन्हाच्या तिरिपेबाहेर, मोबाइल कागदाला समांतर धरून. दोन्ही बाजू घ्या. मागची बाजू कोरी असली तरी घ्या, म्हणजे ती कोरी होती हे नंतर कळतं.

एक गोष्ट पुण्याच्या पेठांतल्या घरांसाठी. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या कित्येक घरांतले कागद गेले, आणि ‘आमच्याकडे काहीच उरलं नाही’ म्हणून लोक तिथेच थांबतात. पण आजीनं लिहिलेली पत्रं आजीच्या घरात असतील तरी कशी? ती ज्यांना लिहिली त्यांच्याकडे असणार. इंदूर, बडोदा, नागपूर, जिथे तिची बहीण दिली तिथे विचारा. पोस्टकार्डावर टपालाचा शिक्का असतो, म्हणजे तारीख आणि पोस्ट ऑफिस दोन्ही पक्की.

## टप्पा ३: बसून ऐकणं

या कामाचा जीव इथे आहे. उरलेलं सगळं चुकलं तरी पुढच्या पिढीला दुरुस्त करता येईल. हे चुकलं तर नाही.

वेळ. दुपारची झोप झाल्यावर, चहा झाल्यावर. पाऊण तासाच्या वर नको. ती रंगली तरी थांबा आणि ‘उद्या इथूनच’ म्हणा. रात्रभर तिला आणखी आठवतं.

जागा. स्वयंपाकघराला लागून असलेली खोली टाळा. कुकरच्या शिट्ट्या, पंखा, टीव्ही, खालच्या भाजीवाल्याची हाळी यांतून आवाज वेगळा काढणं पुढे फार जड जातं. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, तिच्यापासून हातभर अंतरावर. व्हिडिओचा हट्ट धरू नका. कॅमेरा दिसला की ती पदर सारखा करते आणि भाषण द्यायला लागते. फक्त आवाज पुरतो.

पहिलं वाक्य. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर आधी तुम्ही बोला: आजची तारीख, जागा, कोण कोण आहे. वीस वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला हे सोन्याच्या मोलाचं असतं.

प्रश्न. भावनेचे प्रश्न विचारू नका. ‘तेव्हा तुला काय वाटलं?’ याला ‘काय वाटायचंय?’ हेच उत्तर मिळतं, आणि ते रास्तही आहे. जागेचे, हाताचे, पोटाचे प्रश्न विचारा:

- तुमच्या कराचीच्या घरात पाणी कुठून यायचं? कोण भरायचं?
- शाळेत कुठल्या रस्त्यानं जायचीस? वाटेत काय लागायचं?
- शेजारी कोण होते? त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलायचात?
- निघताना कोण कोण बरोबर होतं? मागे कोण राहिलं? किल्ली कुणाकडे दिली?
- बोटीनं आलात की रेल्वेनं? खायला काय घेतलं होतं?
- पुण्यात पहिली रात्र कुणाच्या घरी काढली? ते आपले कोण?
- पहिली कमाई कुणाची आणि कशाची?

किल्लीच्या प्रश्नावर बहुतेक जणी थांबतात. तुम्हीही थांबा. गप्प बसून राहायला शिकणं हे यातलं सगळ्यात कठीण कौशल्य आहे. मधली शांतता भरून काढायची घाई आपल्यालाच असते.

खोलीत एकच ऐकणारा असावा. चुकीची तारीख दुरुस्त करणारे काका, ‘आई, ते तसं नव्हतं’ म्हणणारी आत्या, या दोघांना त्या पाऊण तासात मंडईत पाठवा. तारखा नंतर लावता येतात.

स्वयंपाकाबद्दल वेगळी बैठक घ्या, आणि ती बोलून नाही तर करून. सिंधमध्ये वाढलेल्या मराठी घरांत कोकी, साईभाजी असे पदार्थ पुरणपोळीच्या शेजारी नांदतात, आणि ते कुणाकडून शिकले या प्रश्नातून शेजारणीचं अख्खं बिऱ्हाड बाहेर येतं. ती ‘अंदाजानं’ म्हणणार. पिठाचा डबा काट्यावर ठेवा, तिला हवं तेवढं घेऊ द्या, किती वजन कमी झालं ते लिहा. तिला चमच्यानं मोजायला लावलंत तर पदार्थ बिघडेल आणि तीही.

> सावध: ती ‘हे बंद कर’ म्हणाली तर खरोखर बंद करा, आणि बंद केलेलं तिला दाखवा. छपून चालू ठेवलेलं रेकॉर्डिंग कधी ना कधी कुणाच्या तरी मोबाइलवर वाजतंच. ती काय छापू नको म्हणाली याची वहीत वेगळी नोंद ठेवा.

काही घरांत स्थलांतराचं कारणच बोललं जात नाही. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत गाव सोडून पुण्यात आलेली ब्राह्मण कुटुंबं, रझाकारांच्या काळात मराठवाड्यातून निघालेली, दुष्काळात जनावरं विकून आलेली. इथे ‘कुणी केलं’ हा प्रश्न पहिल्या बैठकीत नको. ‘त्या रात्री कुणी आसरा दिला?’ हा विचारा. आसरा देणाऱ्याचं नाव लोक आनंदानं सांगतात, आणि त्याच्या ओघात जेवढं सांगायचं तेवढं येतं.

थांबून तपासा: चार-पाच बैठकींनंतर तुम्हाला घराचा ओबडधोबड नकाशा काढता येतो का? दार कुठे, चूल कुठे, आजीची झोपायची जागा कुठली? काढा आणि तिला दाखवा. ती ‘छे, न्हाणीघर इकडे’ म्हणत पेन हातात घेईल. ही बैठक रेकॉर्ड करायला विसरू नका.

## टप्पा ४: काळ लावणं

आजी तारखा सांगत नाही, खुणा सांगते. तुमचं काम खुणेला तारीख लावायचं. त्यासाठी एक पट्टी आधीच तयार ठेवा.

कराचीच्या आजीसाठी: फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांचा उठाव कराची बंदरातही झाला होता आणि गोळीबार झाला होता. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर ‘बघू’ म्हणत थांबलेली अनेक हिंदू कुटुंबं त्यानंतर निघाली. ‘दंगलीच्या आधी की नंतर निघालात?’ हा एक प्रश्न ‘फाळणीत आलो’ या वाक्याचे दोन स्पष्ट भाग करतो.

पुण्यात आल्यानंतरच्या खुणा: गांधीहत्या, १ एप्रिल १९५७ ला आलेले नवे पैसे, म्हणजे आण्यात सांगितलेली किंमत बहुधा त्याआधीची किंवा सवयीची, १ मे १९६० ला झालेलं महाराष्ट्र राज्य, पानशेत, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, ज्याची खूण दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, ज्या दिवशी रस्ते ओस पडले होते. नगर, सोलापूर किंवा बीडकडून आलेल्या घरांत सुकडीची आठवण निघाली की साल शोधायला नको. कोकणातल्या किंवा देशावरच्या जमीनवाल्या घरांत कुळकायद्याचा उल्लेख येईल. कायदा १९४८ चा, पण कसेल त्याची जमीन झाली तो ‘कृषक दिन’ १ एप्रिल १९५७. नव्या पैशांचाच दिवस.

स्वतःच्या घरातल्या खुणाही पट्टीवर चढवा. ‘धाकटा रांगत होता तेव्हा’ हे धाकट्याच्या जन्मतारखेवरून काढता येतं.

> सावध: जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी मानू नका. पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळा भरण्याच्या हिशेबानं १ जून लिहून टाकत. पत्रिका किंवा तिथी मिळते का बघा. ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’ एवढं आणि साल मिळालं तरी जुन्या पंचांगावरून तारीख निघते. कालनिर्णय १९७३ पासूनचं आहे, त्यामुळे आजीच्या जन्मासाठी त्यामागचं पंचांग लागेल.

शकाचं साल असेल तर ७८ मिळवा. पौष ते फाल्गुनातली, १ जानेवारीनंतरची तिथी असेल तर ७९. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदावर फसली, म्हणजे महसुली साल असतं, त्यात ५९० मिळवा. साल कुठलं आहे हे न पाहता बेरीज केली की आजी तिच्या आजीच्या आधी जन्मते, आणि असं छापलेलंही सापडतं.

## टप्पा ५: ठिकाण लावणं

गावाच्या नावावर भरवसा ठेवू नका. वडगाव, पिंपळगाव, निमगाव किती आहेत याची गणती नाही. सिंधमधल्या घरांत तर आणखी एक फसवं नाव आहे: हैदराबाद. आजी ‘हैदराबादहून गाडी धरली’ म्हणाली तर ते सिंधचं हैदराबाद असेल, जिथून मीरपूरखासवरून जोधपूरकडे रेल्वे येत असे. नातवानं ते तेलंगणातलं धरलं की सगळा प्रवास उलटा होतो.

मूळ खेडं ओळखायला चार गोष्टी विचारा: बाजार कोणत्या वारी आणि कुठे भरायचा, नदी किंवा ओढा कोणता, जत्रा कुठल्या देवाची, लग्नाआधी कुठल्या देवाला अक्षत द्यायची. यांतून तालुका निघतो. कुलदैवत उपयोगी पडतं, पण ते फार जुन्या मुक्कामाची खूण असतं, कालच्या गावाची नव्हे. ‘कर’नं संपणाऱ्या आडनावाचंही तेच. आडनावावरून गाव काढून ‘आमचं मूळ सापडलं’ म्हणणारे खूप, आणि त्या नावाची चार गावं चार तालुक्यांत निघतात.

शहरात रस्त्यांची नावं बदलतात. कराचीचा बंदर रोड आज एम. ए. जिना रोड आहे. एल्फिन्स्टन स्ट्रीट जैबुन्निसा स्ट्रीट झाला. आजीनं सांगितलेलं नाव आजच्या नकाशावर मिळालं नाही म्हणून ती विसरली असं समजू नका. तिच्या भावांची शाळा ‘एन. जे.’ असेल तर ती नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची, १८५५ ची, आणि ती आजही उभी आहे. अशी एक पक्की जागा मिळाली की तिथून घर कुठल्या बाजूला हे विचारता येतं.

थांबून तपासा: एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, आणि त्यानंतरही फाळणीपर्यंत तिथली मुलं मॅट्रिकला मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षेला बसत. मामाआजोबांच्या सर्टिफिकेटावर मुंबई विद्यापीठ लिहिलंय म्हणून ते तेव्हा मुंबईत होते असं लिहून बसला नाहीत ना?

## टप्पा ६: आता कागद, आणि तेही याच क्रमानं

लोक थेट पेशवे दफ्तराकडे निघतात. पुणे पुराभिलेखागारात खजिना आहे यात शंका नाही, पण तुमच्या पणजीचं १९४८ मधलं बिऱ्हाड त्यात मिळणार नाही. जवळच्या काळापासून मागे जायचं.

पहिला थर, घरातला. रेशनकार्डं, पासबुकं, मनीऑर्डरच्या पावत्या, आणि विशेषतः वाड्याच्या भाडेपावत्या. सगळ्यात जुनी पावती म्हणजे त्या पत्त्यावर येण्याची तारीख, निदान त्याआधी ते आले होते एवढं नक्की. निर्वासित कुटुंबांत ‘क्लेम’चा कागद असू शकतो, तिकडे सोडलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे १९५० च्या कायद्यानुसार तपासले गेले आणि भरपाईचा कायदा १९५४ चा. क्लेमच्या अर्जात घराचं वर्णन, पत्ता, कधी कधी खोल्यासुद्धा असतात. टप्पा ३ मधला नकाशा त्याच्या शेजारी ठेवून बघा.

नागरिकत्वाच्या नोंदणीचा कागद सापडला तर त्यातून आणखी एक गोष्ट कळते. राज्यघटनेच्या कलम ६ प्रमाणे १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथेच राहिलेल्यांना अशी नोंदणी लागत नव्हती. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्यांना करावी लागली. कागद आहे म्हणजे आगमन उशिराचं असण्याची दाट शक्यता. कागद नाही यावरून मात्र काहीही ठरवू नका.

दुसरा थर, शाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, जन्मस्थळ आणि आधीची शाळा असते. शेवटचा रकाना स्थलांतरितांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. शाळेकडे लेखी अर्ज करून प्रवेश-निर्गम उतारा मागा, अर्जात माहेरचं नाव आणि अंदाजे वर्ष द्या. पुण्यात येऊन शिकलेल्या मुलींसाठी हुजूरपागा, सेवासदन, हिंगण्याची संस्था अशा जुन्या ठिकाणी विचारणं वाया जात नाही. सासरच्या नावानं अर्ज केलात तर ‘अशी विद्यार्थिनी नाही’ हे उत्तर येईल, आणि त्यात शाळेची काही चूक नाही.

तिसरा थर, गाव. मूळ गाव महाराष्ट्रात असेल तर गाव नमुना १४ म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, जिला कोतवाल बुक म्हणतात. आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवणारा गाव नमुना ६. मुलींचा माग काढायला वारसनोंदीच्या फेरफारासारखं साधन नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडील गेल्यावर मुलींची नावंही वारस म्हणून लागू लागली, आणि मग त्यांच्याकडून हक्कसोड घेतली गेली. त्या हक्कसोडपत्रात प्रत्येक मुलीचं सासरचं पूर्ण नाव, वय आणि गाव असतं. आजीनं माहेरच्या जमिनीवर पाणी सोडलं तो कागद तिच्या बहिणींचे पत्ते देतो, हा योगायोग मला जरा बोचतो. बऱ्याच जिल्ह्यांतले जुने अभिलेख आता ऑनलाइनही पाहता येतात.

> सावध: भावकीत ‘फेरफार बघायचाय’ म्हटलं की लगेच कुजबुज सुरू होते की यांना हिस्सा हवाय. आधी फोन करून पुस्तिकेचं सांगा, आधीची पानं दाखवा, आणि उतारा काढताना गावातलं कुणीतरी बरोबर घ्या. नुसता अर्ज टाकलात तर उताऱ्याआधी वकिलाचा फोन येईल.

चौथा थर, वंशावळ सांभाळणारे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावर लावलेल्या नामावळ्या असतात. कोल्हापूर, सांगली, सीमाभागातल्या घरांकडे हेळवी, म्हणजे पिढीजात वंशावळ सांगणारे, येतात आणि पिढ्या म्हणून दाखवतात. छापलेले कुलवृत्तांत असतील तर भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात विचारा. पण लक्षात घ्या, या सगळ्यांची मांडणी पुरुषांवरून आहे. म्हणून तिथे आजीचं नाव शोधू नका, तिच्या वडिलांचं आणि आजोबांचं शोधा. कुलवृत्तांतात मुलींचा उल्लेख असलाच तर बापाच्या नोंदीखाली एका ओळीत मिळतो.

कागद मोडीत असेल तर वाचून घ्यायला जाणकार पुण्यात मिळतात. त्यांना मूळ देऊ नका, स्वच्छ फोटो द्या, आणि अंदाजे काळ व माहीत असलेली नावं आधी सांगा. नावं माहीत असली की वाचन निम्मं सोपं होतं.

## टप्पा ७: जुळत नाही तेव्हा

आजी म्हणते बोटीनं आलो, मामाआजोबा म्हणतात रेल्वेनं. दोघंही खरे असू शकतात. बायका-मुलं आधी बोटीनं मुंबईला आणि कर्ते पुरुष मागून, असं बऱ्याच घरांत झालं. निवाडा करायच्या आधी ‘तेव्हा तू कुणाबरोबर होतास?’ एवढं विचारा.

कागद आणि आठवण यांत फरक असेल तर कागदाला आपोआप जिंकवू नका. कागद कुणी, कधी आणि कशासाठी केला ते बघा. वय शाळाप्रवेशासाठी कमी केलेलं असतं, लग्नासाठी वाढवलेलं असतं. दोन्ही नोंदवा, शेजारी कुणी सांगितलं ते लिहा. वहीत तीन खुणा पुरतात: पाहिलेलं (कागद समोर आहे), ऐकलेलं (कुणाकडून ते लिहून), आणि अंदाज. तिसऱ्या खुणेचं वाक्य पुस्तिकेत पहिल्या खुणेचं म्हणून जाता कामा नये. पुढची पिढी छापलेलं तेवढंच खरं धरते.

## टप्पा ८: लिहिताना

आजीचं बोलणं प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. ती ‘आम्ही आगबोटीत बसलो’ म्हणाली असेल तर आगबोटच ठेवा. सिंधी शब्द ती वापरते तिथेच, तसेच. आठवणीतली आजी तिच्या वाक्यांत असते. तुमच्या विशेषणांत ती सापडत नाही. ‘मायेचा सागर’ खोडा आणि किल्ली शेजारणीकडे दिल्याचा परिच्छेद तिथे टाका.

मांडणी सालवारीनं करण्यापेक्षा मुक्कामांवर करा: कराचीचं घर, प्रवास, पुण्यातली पहिली खोली, लग्न, पुढचं. प्रत्येक मुक्कामात माणसं, पैसा, स्वयंपाक, कागद. सासरची वंशावळ द्यायचीच असेल तर शेवटी परिशिष्टात. माहेरची आधी.

छापण्याआधी सलग कच्चा मजकूर आजीला वाचून दाखवा, हातात देऊन ‘बघ’ म्हणू नका. वाचताना पेन्सिल जवळ ठेवा. ती जिथे हसते तिथे काहीतरी राहिलंय, आणि जिथे गप्प होते तिथे ते वाक्य ठेवायचं का हे तिलाच विचारा. आजी नसेल तर हे काम मावशीआजीकडे.

## टप्पा ९: जपणं आणि वाटणं

मूळ रेकॉर्डिंग कापू नका. छाटलेली प्रत वेगळ्या फाइलमध्ये. फाइलला नाव देताना आधी साल-महिना-दिवस, मग कोण, मग विषय. ‘आजी नवीन फायनल २’ या नावाची फाइल पाच वर्षांनी कुणालाही उघडावीशी वाटत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे प्रत नव्हे, तो दाबून लहान झालेला असतो. मूळ कागद आम्लरहित पाकिटात, लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर. पेठांतल्या लोकांना हे शेवटचं का ते सांगायला नको.

पुस्तिकेची पीडीएफ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी हयात माणसांच्या पूर्ण जन्मतारखा, घराचे पत्ते आणि आधार-पॅनचे फोटो काढून टाका. आजीचं माहेरचं आडनावसुद्धा उघड्यावर टाकताना विचार करा. कित्येकांनी बँकेच्या सुरक्षाप्रश्नात आईचं माहेरचं आडनाव हेच उत्तर दिलेलं असतं. ज्यांनी दिलंय, त्यांना आधी ते बदलायला सांगा आणि मगच पीडीएफ पाठवा.